समुद्र नसलेल्या गावातून

आमच्या नगरला समुद्र नाही. सीना नदी आहे, पण वर्षातले कितीतरी महिने तिच्यातही पाणी शोधावं लागतं. लहानपणी जहाज म्हणजे चित्रकलेच्या वहीत काढायची गोष्ट. एक होडीसारखा आकार, वर दोन त्रिकोणी शिडं, खाली तीन लाटा, झालं.

युद्ध मात्र नगरकराला परकं नाही. भिंगारची छावणी आहे, रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र आहे. के. के. रेंजवर सराव सुरू झाला की तोफांचा दणका दूरवर ऐकू यायचा आणि घरातलं कुणी मान वर करूनही बघायचं नाही. १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं हे ठरलेलं असतं: भुईकोट किल्ला, चांदबीबीचा महाल (ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, पण हे नगरमध्ये कुणाला पटवून दाखवा!) आणि रणगाडे. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पाहुण्यांची यादी तीच आहे. त्या संग्रहालयात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन रणगाडा आहे. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. जमिनीवरच्या लढाईचं एक असतं, तिथं मागे काहीतरी उरतं. लोखंड उरतं, खंदक उरतात, एखादी समाधी उरते. त्या लोखंडाला हात लावून "इथं काहीतरी झालं होतं" असं म्हणता येतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे दीव. दोनेक वर्षांपूर्वी आम्ही घरची सात-आठ माणसं सोमनाथ, गीर, दीव अशी सहल करून आलो. (हो, तीच ती, सगळे मराठी लोक करतात ती!) सोबत आत्या होती. वय ऐंशीच्या घरात, गुडघे दुखतात, पण बसची खिडकी सोडायची नाही. दीवला पोर्तुगीजांचा किल्ला झाला, नागव्याचा किनारा झाला, आणि परतताना चक्रतीर्थाजवळच्या टेकाडावर गाडी थांबली. तिथं 'खुखरी'चं स्मारक आहे. काचेच्या मोठ्या पेटीत युद्धनौकेची प्रतिकृती ठेवली आहे, पुढे पायऱ्यांची बैठक आहे आणि त्यापुढे नुसता समुद्र. हे स्मारक १९९९ मध्ये झालं.

बाकीची मंडळी फोटोत गुंतली होती. आत्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "काय झालं होतं रे इथं?"

मला ही गोष्ट येत होती. अशा गोष्टी मला जरा जास्तच येतात आणि सांगायलाही आवडतात. तेव्हा मी सांगायला लागलो.

'आयएनएस खुखरी' ही पाणबुडीविरोधी लढाईसाठी इंग्लंडमध्ये बांधलेली फ्रिगेट. १९५८ मध्ये आपल्या नौदलात आली. तिच्याच जातीच्या आणखी दोन होत्या, 'कृपाण' आणि 'कुठार'. तिघींचीही नावं शस्त्रांची. १९७१ चं युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं. ४ डिसेंबरच्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, ती गोष्ट आपल्याला माहीत असते, कारण नौदल दिन त्याच दिवशी असतो. पाच दिवसांनंतरची गोष्ट कमी माहीत असते. दीवच्या दक्षिणेला पाकिस्तानी पाणबुडीच्या खुणा लागल्या होत्या. तिला शोधून बुडवायला मुंबईहून ८ डिसेंबरला 'खुखरी' आणि 'कृपाण' निघाल्या. पाणबुडीचं नाव 'हंगोर', फ्रेंच बनावटीची, त्या मानानं नवी. तिचा कमांडर होता अहमद तस्नीम.

म्हणजे शिकारी दोन आणि सावज एक, असं कागदावर होतं. पाण्यात ते उलटं होतं. पाणबुडी आवाजाच्या लहरींनी शोधतात, त्या यंत्राला सोनार म्हणतात. आपल्या जहाजांवरचं सोनार जिथवर ऐकू शकत होतं, त्याच्या कितीतरी पुढचं 'हंगोर'ला ऐकू येत होतं. ती आपल्याला बघत होती, आपण तिला बघत नव्हतो. 'खुखरी'वर सोनारचा टप्पा वाढवण्याचा एक प्रयोगही चालू होता. तो करायचा तर जहाज संथ चालवावं लागे. अंधारात शिकाऱ्यानं हळू चालायचं आणि सावजानं दबा धरून बसायचं, असा तो प्रकार.

९ डिसेंबरची रात्र. पावणेनऊला आकाशवाणीच्या बातम्या लागत. वाचलेल्यांच्या आठवणींत ही बातम्यांची वेळ पुन्हा पुन्हा येते. जेवणं उरकत होती, रेडिओ लावला होता, आणि टॉर्पेडो येऊन आदळला. 'हंगोर'नं पहिला 'कृपाण'वर सोडला होता, तो चुकला. दुसरा 'खुखरी'ला बरोबर पोटात लागला. त्यानंतर जे काही झालं ते काही मिनिटांत झालं. दिवे गेले, जहाज कलंडलं, वर येण्याचे जिने अरुंद, आणि खाली दीड-दोनशे माणसं.

जहाजाचे कप्तान महेंद्रनाथ मुल्ला. गोरखपूरचे, वय पंचेचाळीस. वाचलेल्यांनी सांगितलं ते असं, की मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, जवळच्यांना पाण्यात उड्या मारायला लावलं आणि स्वतः पुलावरच्या कप्तानाच्या खुर्चीत जाऊन बसले. ('पूल' म्हणजे जहाज जिथून चालवतात ती जागा, इंग्रजीतला ब्रिज.) कुणी म्हणतं हातात सिगारेट होती. जहाज पाण्यात गेलं तेव्हा ते खुर्चीत होते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

१८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. एकूण १९४. दुसऱ्या दिवशी सकाळी 'कच्छल' या नौकेनं ६७ जणांना पाण्यातून काढलं. टॉर्पेडो लागल्यावर 'कृपाण' तिथून दूर गेली, ते बरोबर की चूक यावर नौदलातल्या जाणत्या माणसांत अजून वाद आहे. पाणबुडी तिथंच असताना थांबणं म्हणजे दुसरं जहाजही देणं, हे एकीकडे. आणि पाण्यात हाका मारणारी माणसं दुसरीकडे. खुर्चीत बसून यावर मत देणं मला जमत नाही.

मी हे सगळं रंगवून सांगितलं. कप्तान मुल्लांपाशी आल्यावर माझा आवाजही जरा बदलला असणार. ऐकायला तोवर आमच्यातले दोघे-तिघे आणि गुजरातमधलं एक कुटुंबही येऊन थांबलं होतं. आत्या सगळं ऐकून म्हणाली, "आणि बाकीचे?"

"बाकीचे काय?"

"कप्तानाचं सांगितलंस. खुर्चीतल्या. एकशे चौऱ्याण्णव म्हणालास ना? मग बाकीच्यांचं काय? त्यांच्या घरी काय पाठवलं?"

मी म्हणालो, "तार पाठवली असेल."

"तार नाही रे. राख? अस्थी?"

तेव्हा माझी गोष्ट संपली. कारण पाठवायला काही नव्हतं. जहाज अजूनही तिथंच आहे, दीवपासून काही चाळीस सागरी मैलांवर, तळाशी.

घरी आल्यावर हा प्रश्न डोक्यातून जाईना. त्यात एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती नेमकी आमच्या नगरच्या दप्तरातली निघाली.

नगरला समुद्र नाही असं मी वर म्हटलं, ते आजच्या जिल्ह्यापुरतं. मलिक अहमद निजामशहानं १४९० मध्ये बहमनींपासून वेगळं राज्य उभारलं आणि १४९४ च्या सुमाराला सीनेकाठी हे शहर वसवलं, तेव्हा त्या राज्याला समुद्र होता. चौल हे निजामशाहीचं बंदर होतं. अलिबागजवळचं, कुंडलिकेच्या मुखापाशी वसलेलं जुनं, श्रीमंत बंदर. घोडे यायचे, कापड जायचं. नगरच्या दरबारातली कितीतरी श्रीमंती त्या खाडीतून वर घाट चढून आलेली असणार.

मार्च १५०८ मध्ये त्या खाडीत एक लढाई झाली. लढणारे दोन्ही बाहेरचे. एका बाजूला पोर्तुगीज, त्यांच्या पहिल्या व्हाइसरॉयचा, फ्रान्सिस्कू द आल्मेदाचा, तरुण मुलगा लोरेन्सू त्यांचा सरदार. कोचीनच्या व्यापारी गलबतांना सोबत म्हणून तो आला होता. दुसऱ्या बाजूला इजिप्तच्या मामलूक सुलतानाचं आरमार, अमीर हुसेन त्याचा सेनापती, आणि त्याच्या मदतीला गुजरातच्या सुलतानाचा दीवचा सुभेदार मलिक अयाझ आपल्या हलक्या होड्या घेऊन. लढाई निजामशहाची नव्हती, पाणी त्याचं होतं.

पोर्तुगीज माघार घेत असताना लोरेन्सूच्या जहाजाला पाण्याखाली गोळा लागला, आत पाणी भरायला लागलं, आणि ते जड झालेलं जहाज जाऊन अडकलं कशात? तर चौलच्या कोळ्यांनी मासे धरायला खाडीत रोवलेल्या खुंटांत. लोरेन्सूचा पाय गोळ्यानं मोडला. पोर्तुगीज बखरकार लिहितात की त्याला होडीत घालून न्यायला लोक आले तर तो गेला नाही. त्यानं मुख्य डोलकाठीच्या बुंध्याशी खुर्ची मागवली, तिच्यावर बसला आणि हुकूम देत राहिला. दुसरा गोळा छातीत लागला. जहाज बुडालं, त्याचं शव मिळालं नाही.

खुर्ची वाचून मी थबकलो. ४६३ वर्षांच्या अंतरानं दोन खुर्च्या. आणि हेही बघा, की लोरेन्सूची गोष्ट पोर्तुगालमध्ये इतकी मोठी झाली की त्यांच्या राष्ट्रीय महाकाव्यात, कामोइंशच्या 'लुसियाद'मध्ये, तिला जागा मिळाली. आपल्याकडेही १९७१ च्या नौदलाचा विषय निघाला की खुर्ची आधी येते. यात कुणाचं खोटं आहे असं मला म्हणायचं नाही. वाचलेल्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. पण समुद्रात गेलेल्या माणसाबद्दल सांगायला आपल्याला काहीतरी स्थिर लागतं, असं वाटतं. पाणी हलतं, जहाज जातं, शव मिळत नाही. मग डोळ्यांसमोर एक बसलेला माणूस ठेवायचा. खुर्ची म्हणजे त्याची समाधीच एक प्रकारे.

मात्र ती एकाच माणसाला पुरते. चौलला लोरेन्सूबरोबर शंभरावर पोर्तुगीज मेले असं त्यांचे इतिहासकार सांगतात. त्यातल्या किती जणांची नावं कुणाला येतात? मलिक अयाझच्या होड्या वल्हवणारे, हुसेनच्या जहाजांवरचे, आणि ज्यांच्या खुंटांनी लढाईचा निकाल लावला ते कोळी, त्यांची तर मोजदादही नाही.

पुढचं जरा सांगतो, कारण ते परत दीवलाच येतं. लोरेन्सूच्या बापानं ही बातमी ऐकली आणि त्याचं डोकं सूडानं पेटलं. त्याच्या जागी दुसरा अधिकारी, आल्बुकर्क, नेमून आला होता. आल्मेदानं त्याच्या हाती कारभारच दिला नाही, म्हणाला आधी माझं काम होऊ दे. मलिक अयाझ हा माणूस मोठा शहाणा. त्यानं हाती लागलेल्या कैद्यांना नीट वागवलं आणि बापाला मुलाच्या शौर्याची तारीफ करणारं पत्र पाठवलं. उपयोग झाला नाही. १५०८ च्या डिसेंबरात आल्मेदा आरमार घेऊन निघाला आणि वाटेत दाभोळवर उतरला. दाभोळ म्हणजे आपल्या रत्नागिरीतलं, तेव्हा विजापूरकरांचं. चौलच्या लढाईशी दाभोळकरांचा काही संबंध नव्हता. पोर्तुगीजांनी गाव जाळलं आणि दिसेल त्याला कापलं, बायकापोरंसुद्धा. तिथून तो दीवला गेला, आणि ३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या तोंडाशी त्यानं ते आरमार मोडून काढलं. हिंदी महासागरावर पोर्तुगीजांचा अंमल बसला तो या लढाईनं, असं पुस्तकात शिकवतात. शिकवताना दाभोळ बहुधा गाळतात. मुलाचं प्रेत न मिळालेल्या बापानं ते दुःख कुणाच्या दारात नेऊन टाकलं, ते दाभोळला विचारायला हवं.

शव नसलेलं दुःख कुठं ठेवायचं, हा प्रश्न तसा फार जुना आहे. आपल्याकडे त्यावर काय काय केलं गेलं ते मी जरा शोधलं.

नगर जिल्ह्यात फिरताना देवळाबाहेर वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढाई किंवा गाईंसाठी झालेली झटापट, मधल्या चौकटीत अप्सरा त्या वीराला वर नेताहेत, वरच्यात तो पिंडीपुढे हात जोडून बसलेला. शेंदूर लावलेले, नाव नसलेले. मुंबईला बोरिवलीच्या एकसर गावात सहा वीरगळ आहेत, त्यांच्यावर चक्क जहाजं कोरली आहेत. वल्ह्यांच्या रांगा, चाल करून जाणारी आरमारं, पाण्यात पडणारी माणसं, आणि वर तोच कैलास. ते नेमके कोणत्या लढाईचे यावर अभ्यासकांचं एकमत नाही. बरेच जण ते देवगिरीचा महादेव यादव आणि कोकणचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यातल्या, १२६५ च्या सुमाराच्या युद्धाशी जोडतात. त्या युद्धात सोमेश्वर समुद्रात बुडाला. महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, ज्याच्या नावानं नगर जिल्ह्यातलं प्रत्येक जुनं देऊळ हेमाडपंती ठरतं, त्यानं हे लिहून ठेवलं आहे. अर्थात जिंकलेल्याच्या थाटात: महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा अर्थाचं.

म्हणजे आठशे वर्षांपूर्वी कुणाला तरी वाटलं की समुद्रात मेलेल्याला जमिनीवर दगड हवा. आणि त्या दगडावर फक्त राजा नको, वल्हेवालेही कोरायला हवेत. त्या शिल्पांत वल्हेवाले मोजता येतात. मला हे फार आवडलं.

इंग्रजांनी दुसरा मार्ग काढला, वहीचा. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक तिथं आहे. ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही असे. दुसऱ्या महायुद्धासाठी नावांची नोंदवहीच केली आहे. नौदलाचे आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून सहा हजारांच्या घरात खलाशी. तशीच वही चितगावलाही आहे. यातले बहुतेक व्यापारी जहाजांवरचे, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, डेक धुणारे, स्वयंपाकी. टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी पाणी शिरायचं ते इंजिनाच्या खोलीत, आणि तिथं हेच असायचे. लढायला म्हणून ते गेलेच नव्हते, पगारावर गेले होते. मुंबईत मी कितीदा लोकलनं मस्जिद स्टेशन ओलांडलं असेन, एकदाही उतरलो नाही. मसाल्याच्या बाजाराला जाणारे उतरतात.

'खुखरी'च्या १९४ जणांची नावं मात्र आता दगडावर आहेत. दिल्लीत इंडिया गेटजवळ फेब्रुवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय युद्ध स्मारक खुलं झालं. तिथं स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या सैनिकांची नावं ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर कोरली आहेत. एका विटेवर एक माणूस. तिथं कप्तानाची वीट आणि स्वयंपाक्याची वीट सारख्याच मापाची आहे. 'खुखरी' हे नावही नौदलानं जाऊ दिलं नाही. १९८९ मध्ये माझगाव गोदीत बांधलेली नवी 'खुखरी' नौदलात आली, बत्तीस वर्षं चालली आणि डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली. जानेवारी २०२२ मध्ये ती दीवच्या प्रशासनाला संग्रहालयासाठी दिली. म्हणजे एक 'खुखरी' दीवच्या किनाऱ्याला आणि एक तिथून चाळीस मैलांवर खाली.

ही झाली सरकारची सोय. घरची सोय काय? आत्याचा प्रश्न तर घरचा होता.

आमच्याकडे पूजेला येणाऱ्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, शास्त्रात याची तरतूद आहे. परदेशी मेलेल्याचं शव मिळालं नाही तर पळसाची पानं, त्यांचे देठ घेऊन माणसाची आकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. पालाशविधी म्हणतात. त्याला तीनशे साठ पानं लागतात, डोक्याला इतकी, छातीला इतकी, हाताला इतकी, सगळं मोजून दिलेलं. माणसाच्या शरीराचा हिशेब पानांत केलेला. आणि गेला की नाही हेच माहीत नसेल तर बारा वर्षं वाट बघायची. कायद्यानं सात वर्षं, शास्त्रानं बारा.

बारा वर्षं! मी हिशेब केला. १९७१ च्या डिसेंबरात ज्या बाईला "बेपत्ता" असा शब्द कळला असेल तिची बारा वर्षं १९८३ ला पुरी झाली. युद्धकाळात लष्कर इतकं थांबत नाही, कागदावर मृत ठरवतं, निवृत्तिवेतन सुरू करतं, ते योग्यच आहे. पण कागद आणि मन यांचं पंचांग वेगळं. शिमला करारानंतर दोन्हीकडचे युद्धकैदी परत आले तेव्हा कितीतरी घरांत त्या याद्या बारकाईनं वाचल्या गेल्या असतील. पाण्यातून कुणी उचललं असेल, पलीकडच्या तुरुंगात असेल, असं वाटायला फार काही लागत नाही. शव दिसलं नाही एवढं पुरतं.

पितृपक्षात चतुर्दशीला शस्त्रानं किंवा अपघातानं गेलेल्यांचं श्राद्ध असतं. कॅलेंडरवर त्या चौकोनात बारीक अक्षरात छापलेलं असतं, आपण लक्ष देत नाही. मी यंदा लक्ष दिलं. आणि पंचांगाचं मनात घेऊन बसलोच होतो, तेव्हा ९ डिसेंबर १९७१ ची तिथीही काढली.

गुरुवार होता. मार्गशीर्ष वद्य पक्ष, चंद्र मध्यरात्रीच्या सुमाराला उगवणार, म्हणजे पावणेनऊला समुद्रावर काळोख. आणि मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. ज्यांच्या घरी महालक्ष्मीचे गुरुवार होतात त्यांना हे सांगायला नको. सकाळी घट मांडायचा, पाच फळं, पाच प्रकारची पानं, दिवसभर उपास, संध्याकाळी पोथी वाचून आरती, नैवेद्य, मग जेवण. म्हणजे 'खुखरी'वर रेडिओ लागला त्या वेळेला मराठी मुलखातल्या कितीतरी घरांत बायका उपास सोडून जेवायला बसत असतील.

मी आत्याला फोन लावला. म्हटलं, आत्या, तो गुरुवार होता. मार्गशीर्षातला.

ती लगेच म्हणाली, "हो, असेलच. त्या वर्षी मी मांडले होते ना. लग्नानंतरचे पहिले नाहीत, दुसरे का तिसरे. खिडक्यांना काळे कागद लावले होते तुझ्या काकांनी. बाहेर उजेड जायचा नाही म्हणून समई अगदी बारीक ठेवली होती. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला बोलावायच्या, तर अंधारातून जायची भीती. आणि रेडिओ लावलेला असायचा सारखा."

"पावणेनऊच्या बातम्या?"

"लागत असतील. आठवत नाही. युद्धाचंच असायचं सगळं."

मग मी तिला सांगितलं की पुढचा गुरुवार १६ डिसेंबर. त्या दिवशी ढाक्याला शरणागती झाली.

"तो उद्यापनाचा," ती म्हणाली. "शेवटचा गुरुवार. ते आठवतंय मला. रेडिओवर सांगितलं आणि गल्लीत सगळे बाहेर आले. भिंगारकडून फटाके ऐकू येत होते. सवाष्णींना जेवायला बोलावलं होतं, आणि मालकांनी पेढे आणले. उद्यापनाचं आणि जिंकल्याचं, एकदमच."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मागे नातवाचा टीव्ही चालू होता.

"त्या जहाजावरच्या पोरांच्या बायका असतील की रे आपल्याकडच्याही," ती म्हणाली. "कोकणातल्या, देशावरच्या. त्यांना तोवर कळलं असेल का?"

मी म्हटलं, काहींना कळलं असेल, काहींना नसेल.

"म्हणजे काहींनी उद्यापन केलं असेल," आत्या म्हणाली.